संमिश्र संख्येचा मापांक : अर्थ, काढण्याच्या रीती आणि अध्यापनातील स्थान

सारांश

संमिश्र संख्येचा मापांक काढणे हा कनिष्ठ महाविद्यालयीन गणितातील एक छोटा घटक मानला जातो. एक सूत्र, त्यात दोन संख्या आणि शेवटी एक वर्गमूळ, एवढ्यावरच बहुधा हा घटक संपतो. वस्तुतः मापांक ही संकल्पना बीजगणित, भूमिती, विश्लेषण, संख्याशास्त्राचा अंकगणितीय भाग आणि विद्युत अभियांत्रिकी यांना जोडणारा दुवा आहे. प्रस्तुत लेखात मापांकाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, त्याची व्याख्या, तो काढण्याच्या विविध रीती, त्याचे प्रमुख गुणधर्म, उपयोजन आणि अध्यापनात वारंवार आढळणारे दोष यांचे विवेचन केले आहे. गणितेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही विषय समजावा यासाठी प्रत्येक विधानासोबत अंकीय उदाहरण दिले आहे.

बीजशब्द : संमिश्र संख्या, मापांक, अनुबद्ध संख्या, त्रिकोण असमता, विद्युत मंडल, गणित अध्यापन.

१. प्रस्तावना

वास्तव संख्यांच्या बाबतीत 'संख्या किती मोठी' या प्रश्नाचे उत्तर सरळ असते. संख्यारेषेवर उजवीकडची संख्या मोठी, डावीकडची लहान. चिन्ह बाजूला ठेवून केवळ शून्यापासूनचे अंतर पाहिले की केवल मूल्य मिळते. म्हणून ७ आणि −७ या दोहोंचे केवल मूल्य ७ आहे. परंतु ३ + ४इ यासारख्या संख्येला संख्यारेषेवर जागाच नाही. मग तिचा मोठेपणा कशाने मोजावा? मापांक हे या प्रश्नाचे उत्तर होय.

कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतांशी इंग्रजी माध्यमातून होत असल्याने विद्यार्थी या संकल्पनेस 'मोड्युलस' या नावाने ओळखतात. नाव परिचित असते, सूत्रही पाठ असते. मात्र हे सूत्र असेच का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. परिणामी पदवी स्तरावर संमिश्र विश्लेषण शिकताना किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी विद्युत मंडले अभ्यासताना अडचणी उभ्या राहतात. त्या अडचणींचे मूळ सूत्राच्या विस्मरणात नसून अर्थाच्या अभावात असते, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

या लेखात काल्पनिक एककासाठी 'इ' हे अक्षर वापरले आहे; म्हणजे इ² = −१. संमिश्र संख्या स = क + खइ अशी लिहिली आहे. त्यातील क हा वास्तव भाग व ख हा काल्पनिक भाग असून क आणि ख या दोन्ही वास्तव संख्या आहेत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे भारतीय गणितज्ञांनी स्पष्टपणे नोंदवले होते. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात त्याचे कारण दिले आहे : ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसते, म्हणून तिला मूळ नाही. वास्तव संख्यांच्या मर्यादेत हे विधान निर्दोष आहे.

युरोपात इटालियन गणितज्ञ कार्दानो याने १५४५ साली प्रसिद्ध केलेल्या 'आर्स माग्ना' या ग्रंथात एक प्रश्न घेतला : १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० यावा. त्याची उत्तरे ५ + √(−१५) आणि ५ − √(−१५) अशी येतात. त्यांचा गुणाकार २५ + १५ = ४० होतो. कार्दानोला या संख्या निरुपयोगी वाटल्या. मात्र आजच्या दृष्टीने पाहता, २५ + १५ ही बेरीज म्हणजे या संख्येच्या मापांकाचा वर्गच आहे. मापांकाची कल्पना जन्माला येण्यापूर्वी अडीचशे वर्षे त्यामागील आकडेमोड अशा रीतीने कागदावर उतरली होती. पुढे बोम्बेली याने १५७२ साली या संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम मांडले. परंतु त्या संख्या 'कोठे' आहेत हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर भूमितीने दिले. नॉर्वेत जन्मलेला भूमापक कास्पर वेसेल याने १७९७ साली डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध सादर केला. तो १७९९ साली छापला गेला. त्यात संमिश्र संख्या ही प्रतलावरील दिशायुक्त रेषाखंड म्हणून दाखवली होती. जमिनीवरील अंतरे व दिशा मोजण्याचा व्यवसाय असलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी, हे अर्थपूर्ण आहे. आर्गां याने १८०६ साली स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली आणि १८१४ साली या रेषाखंडाच्या लांबीसाठी 'मोड्यूल' हा फ्रेंच शब्द वापरला. गाउसने १८३१ साली 'संमिश्र संख्या' ही संज्ञा रूढ केली, तर वायरश्ट्रास याने १८४१ साली दोन उभ्या रेषांचे | | हे चिन्ह उपयोगात आणले. म्हणजे आज एका तासिकेत शिकवली जाणारी ही बाब स्थिर होण्यास सुमारे तीनशे वर्षे लागली.

३. व्याख्या आणि भूमितीय अर्थ

प्रतलावर आडवा अक्ष वास्तव भागासाठी व उभा अक्ष काल्पनिक भागासाठी घेतला, तर क + खइ ही संख्या (क, ख) या बिंदूने दर्शविली जाते. आरंभबिंदूपासून या बिंदूचे अंतर म्हणजे मापांक :

|स| = √(क² + ख²)

आडवी बाजू क, उभी बाजू ख आणि त्यांना जोडणारा कर्ण, अशी ही काटकोन त्रिकोणाची रचना आहे. 'लीलावती'च्या परिभाषेत सांगायचे तर भुज आणि कोटी ज्ञात असताना कर्ण काढण्याचा हा प्रश्न होय. ३ + ४इ या संख्येसाठी क = ३, ख = ४; म्हणून मापांक √(९ + १६) = √२५ = ५. त्याचप्रमाणे −५ + १२इ चा मापांक √(२५ + १४४) = १३ येतो. वास्तव संख्येच्या बाबतीत ख = ० असल्याने √(क²) म्हणजे क चे केवल मूल्यच उरते. यावरून मापांक हा केवल मूल्याचा विस्तार आहे, वेगळीच काही गोष्ट नव्हे, हे दिसते.

येथे सर्वांत अधिक आढळणारी चूक उद्भवते. काल्पनिक भाग '४इ' आहे असे समजून विद्यार्थी त्याचा वर्ग −१६ घेतात आणि √(९ − १६) लिहितात. शिक्षक ही चूक 'इ घ्यायचा नाही' एवढे सांगून दुरुस्त करतात. पण का घ्यायचा नाही, हे सांगितले जात नाही. त्याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिले म्हणजे, उभ्या अक्षावर मोजलेले अंतर ४ आहे. 'इ' हे त्या अंतराच्या दिशेचे नाव आहे, लांबीचे नव्हे. दुसरे अधिक निर्णायक आहे. चुकीची रीत १ + इ या संख्येला लावली तर १ − १ = ० मिळते. म्हणजे आरंभबिंदूपासून स्पष्टपणे दूर असलेल्या बिंदूचे अंतर शून्य ठरते! अंतराच्या कल्पनेला याहून मोठा छेद असू शकत नाही. फळ्यावर (१, १) हा बिंदू काढून हे एकदा दाखवले तर तीच चूक पुन्हा होण्याची शक्यता फारच कमी राहते.

४. मापांकाची गरज : क्रमाचा अभाव

संमिश्र संख्यांमध्ये 'मोठी' व 'लहान' असा भेद करताच येत नाही का? बेरीज-गुणाकाराच्या नेहमीच्या नियमांशी सुसंगत असा क्रम लावणे अशक्य आहे, हे सहज सिद्ध होते. समजा इ ही धन आहे. मग इ × इ हा गुणाकारही धन असावयास हवा. पण तो −१ आहे. समजा इ ही ऋण आहे. मग −इ धन ठरते आणि (−इ) × (−इ) धन असावयास हवे. तेही −१ च येते. इ शून्य तर नाहीच. म्हणजे प्रत्येक पर्यायात विसंगती उद्भवते.

म्हणूनच '३ + ४इ ही २ + इ पेक्षा मोठी आहे' हे विधान निरर्थक, तर '३ + ४इ चा मापांक २ + इ च्या मापांकापेक्षा मोठा आहे' हे विधान सार्थ आहे. मापांक ही वास्तव संख्या असल्याने तिच्यात क्रम लावता येतो. क्रम गमावलेल्या संख्याजगतात तुलनेचे साधन मापांकामुळे पुन्हा प्राप्त होते. त्याची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे : ५, −५, ५इ, ३ + ४इ, ४ − ३इ या सर्व संख्यांचा मापांक ५ च आहे. आरंभबिंदूभोवती ५ त्रिज्येच्या वर्तुळावरील सर्व बिंदू मापांकाच्या दृष्टीने समान आहेत. मापांक अंतर सांगतो. दिशा सांगण्यासाठी कोनांकाची जोड लागते.

५. अनुबद्ध संख्येद्वारे मापांक

क + खइ ची अनुबद्ध संख्या क − खइ होय. ती स' अशी लिहू. प्रतलावर ती मूळ बिंदूचे आडव्या अक्षातील प्रतिबिंब असते. या दोहोंचा गुणाकार असा येतो :

स × स' = (क + खइ)(क − खइ) = क² − ख²इ² = क² + ख² = |स|²

येथे 'इ' चा वर्ग प्रत्यक्ष घेतला गेला आहे आणि तरीही बेरीजच मिळाली आहे. अंतराच्या सूत्रातील अधिक चिन्ह बीजगणितातूनही कसे निष्पन्न होते, हे यावरून दिसते. भागाकारातही हेच नाते उपयोगी पडते, कारण १ ÷ स = स' ÷ |स|². उदाहरणार्थ, १ ÷ (३ + ४इ) = (३ − ४इ) ÷ २५.

याच ठिकाणी आणखी एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरते. वास्तव संख्यांसाठी संख्येचा वर्ग आणि तिच्या केवल मूल्याचा वर्ग एकच असतो. संमिश्र संख्यांसाठी तसे नाही. (१ + इ)² = २इ, परंतु |१ + इ|² = २. वर्ग करताना बिंदू फिरतो. मापांकाचा वर्ग ही मात्र केवळ लांबीची बाब आहे.

६. गुणाकाराचा गुणधर्म आणि सुलभ रीती

मापांकाचा सर्वांत फलदायी गुणधर्म असा की, गुणाकाराचा मापांक हा मापांकांच्या गुणाकाराएवढा असतो : |सत| = |स| × |त|. सिद्धता एका ओळीची आहे. |सत|² = सत × स'त' = (स × स')(त × त') = |स|² × |त|². दोन्ही बाजू ऋण नसल्याने वर्गमूळ घेता विधान सिद्ध होते. भागाकार व घात यांनाही हाच नियम लागू पडतो.

या नियमामुळे बरीच आकडेमोड वाचते. पुढील तीन उदाहरणे पाहावीत.

(अ) (३ + ४इ)(५ + १२इ) चा मापांक. विस्तार केल्यास −३३ + ५६इ मिळते आणि १०८९ + ३१३६ = ४२२५ चे वर्गमूळ ६५ येते. नियमाने ५ × १३ = ६५ हे तोंडी मिळते.

(आ) (१ + इ) चा विसावा घात. |१ + इ| = √२; म्हणून मापांक (√२)²⁰ = २¹⁰ = १०२४.

(इ) (७ + २४इ)(१ − इ) ÷ (३ − ४इ). मापांक २५ × √२ ÷ ५ = ५√२. पडताळा घेतल्यास मूळ राशी १ + ७इ येते व √(१ + ४९) = √५० = ५√२.

वर्गमूळ काढण्यासाठीही मापांक साहाय्यभूत होतो. ५ − १२इ चे वर्गमूळ क + खइ मानल्यास क² − ख² = ५ व २कख = −१२ अशी दोन समीकरणे मिळतात. ती थेट सोडवणे किचकट आहे. परंतु दोन्ही बाजूंचा मापांक घेतल्यास क² + ख² = १३ हे तिसरे समीकरण विनासायास मिळते. बेरीज-वजाबाकीने क² = ९, ख² = ४; आणि कख ऋण असल्याने वर्गमूळे ३ − २इ व −३ + २इ अशी येतात.

गुणाकाराचा हा नियम घटकांच्या रूपात लिहिला तर एक प्राचीन नित्यसमानता समोर येते :

(क² + ख²)(ग² + घ²) = (कग − खघ)² + (कघ + खग)²

ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' (इ. स. ६२८) या ग्रंथात वर्गप्रकृतीच्या संदर्भात दिलेली 'भावना' ही याहून व्यापक आहे, तिच्यातील गुणक −१ घेतला की हीच नित्यसमानता मिळते. तिचा अर्थ असा की, दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो. तीन वर्गांसाठी मात्र असा नियम नाही. ३ = १² + १² + १² आणि ५ = ०² + १² + २²; पण त्यांचा गुणाकार १५ हा तीन पूर्ण वर्गांच्या बेरजेने लिहिता येत नाही. त्रिमितीय 'संख्या' शोधण्याचा हॅमिल्टनचा दीर्घ प्रयत्न निष्फळ होऊन १८४३ साली त्याला चार घटकांच्या संख्यांकडे वळावे लागले, त्यामागे मापांकाचा हाच गुणधर्म टिकवण्याची अट होती.

७. बेरीज आणि त्रिकोण असमता

गुणाकाराला लागू असलेला नियम बेरजेला लागू होत नाही. |३ + ४इ| = ५ व |३ − ४इ| = ५; पण त्यांच्या बेरजेचा, म्हणजे ६ चा, मापांक १० नसून ६ आहे. येथे समानतेऐवजी असमता मिळते :

|स + त| ≤ |स| + |त|

|स + त|² चा विस्तार केल्यास |स|² + |त|² व स × त' च्या वास्तव भागाची दुप्पट एवढी राशी येते. कोणत्याही संख्येचा वास्तव भाग तिच्या मापांकाहून अधिक नसतो आणि स × त' चा मापांक |स||त| आहे. म्हणून ही राशी (|स| + |त|)² हून मोठी होऊ शकत नाही. भूमितीच्या भाषेत, त्रिकोणाची एक बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा अधिक नसते. दोन्ही शून्येतर संख्या एकाच दिशेत असतील तेव्हाच समानता येते.

दोन संख्यांच्या वजाबाकीचा मापांक म्हणजे त्या बिंदूंमधील अंतर. म्हणून |स − (२ + इ)| = ३ हे समीकरण (२, १) केंद्र व ३ त्रिज्या असलेले वर्तुळ दर्शविते. अभिसरणाची संपूर्ण कल्पना याच अंतरावर उभी आहे. त्याचे एक बोलके उदाहरण देता येईल. १ ÷ (१ + य²) या राशीचा १ − य² + य⁴ − य⁶ + … असा अनंत श्रेढीत विस्तार होतो. ही राशी प्रत्येक वास्तव य साठी अर्थपूर्ण व सुरळीत असूनही श्रेढी केवळ −१ व १ यांच्या दरम्यानच अभिसारी आहे. वास्तव रेषेवर उभे राहून याचे कारण दिसत नाही. प्रतलावर पाहिले की ते लगेच उमगते : य = इ व य = −इ येथे छेद शून्य होतो आणि या दोन्ही बिंदूंचा मापांक १ आहे. अभिसरणाचे वर्तुळ तेथे जाऊन अडते. वास्तव रेषेवरील मर्यादा रेषेबाहेरील बिंदूंच्या अंतराने ठरते, हे मापांकाच्या सामर्थ्याचे उत्तम उदाहरण होय.

८. उपयोजन : विद्युत मंडले

प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाच्या अभ्यासात संमिश्र संख्यांचा पद्धतशीर वापर श्टाइनमेट्स याने १८९३ साली शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत मांडला. एखाद्या मंडलात रोध ३० ओहम आणि वेटोळ्यामुळे येणारा प्रतिरोध ४० ओहम असून ते एकसरीत जोडलेले असतील, तर एकूण अवरोध ७० ओहम नसतो. तो ३० + ४०इ ही संमिश्र राशी असतो व त्याचा मापांक ५० ओहम येतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रवाह २३० ÷ ५० = ४.६ अँपिअर असतो. साधी बेरीज करणाऱ्यास तो सुमारे ३.३ अँपिअर वाटेल आणि तारेची जाडी व फ्यूज यांची निवड त्या चुकीच्या आकड्यावर होईल. मापांक न समजण्याची किंमत येथे केवळ परीक्षेतील गुणांपुरती राहत नाही.

कारखान्यांच्या वीजवापरातही हेच सूत्र दडलेले आहे. क्रियाशील शक्ती ८० किलोवॅट आणि प्रतिक्रियाशील शक्ती ६० केव्हीएआर असेल, तर आभासी शक्ती √(६४०० + ३६००) = १०० केव्हीए होते. धारित्रे बसवून प्रतिक्रियाशील भाग १५ वर आणल्यास तीच राशी √(६४०० + २२५), म्हणजे सुमारे ८१.४ केव्हीए एवढी उरते. प्रत्यक्ष काम तेवढेच. पण पुरवठा यंत्रणेवरील भार सुमारे १८.६ केव्हीएने कमी. उच्चदाब ग्राहकांचा मागणी आकार केव्हीएमध्ये मोजला जात असल्याने या वर्गमूळाला थेट आर्थिक अर्थ प्राप्त होतो.

९. प्रत्यक्ष आकडेमोडीतील दोन बाबी

मापांक दरवेळी पूर्णांकच येईल असे नाही. ५ + ३इ चा मापांक √३४ आहे. अशा वेळी भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) सांगितलेली आसन्न मूळाची रीत आजही सोयीची वाटते : संख्येला मोठ्या वर्गाने गुणावे, पूर्णांकी मूळ घ्यावे आणि त्या वर्गाच्या मूळाने भागावे. ३४ × १०००० = ३४००००; त्याचे जवळचे मूळ ५८३; म्हणून √३४ चे आसन्न मूल्य ५.८३. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. महाराष्ट्रातील वर्गात ही रीत शिकवताना तो संदर्भ आवर्जून सांगण्याजोगा आहे.

दुसरी बाब संगणकाची. संगणकातील प्रचलित द्विगुण-अचूकता पद्धतीत सुमारे १.८ × १०³⁰⁸ पर्यंतच्याच संख्या मावतात. क व ख या १०²⁰⁰ च्या घरात असतील तर त्यांचे वर्ग १०⁴⁰⁰ च्या घरात जाऊन मर्यादा ओलांडतात, जरी अंतिम उत्तर सहज मावणारे असले तरी. उलटपक्षी १०⁻²⁰⁰ एवढ्या सूक्ष्म संख्यांचे वर्ग शून्य ठरतात आणि शून्येतर संख्येचा मापांक शून्य येतो; म्हणजे 'इ' चा वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्याची चूक येथे यंत्र करते. उपाय सोपा आहे. दोहोंपैकी केवल मूल्याने मोठी असलेली संख्या बाहेर काढावी. ती क असेल तर

|स| = |क| × √(१ + (ख ÷ क)²)

येथे कंसातील भागाकार १ पेक्षा अधिक होत नाही, त्यामुळे मर्यादाभंगाचा धोका टळतो. सी या संगणकीय भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात 'हायपॉट' नावाचे स्वतंत्र फलन याच कारणासाठी समाविष्ट केले गेले. गणितात समान असलेली दोन सूत्रे आकडेमोडीत समान नसतात, हा धडा त्यातून मिळतो.

१०. अध्यापनविषयक सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१) सूत्र सांगण्यापूर्वी आलेखपत्रावर बिंदू काढून अंतर पट्टीने मोजण्यास सांगावे. ३ + ४इ चे अंतर ५ येते हे मोजून कळल्यावर सूत्र हे त्या मोजणीचे संक्षिप्त रूप ठरते.

२) 'इ' चा वर्ग घेण्याची चूक नियमाने न रोखता १ + इ या उदाहरणाने रोखावी.

३) गुणाकार-भागाकाराचे प्रश्न आधी विस्ताराने व नंतर गुणधर्माने, अशा दोन्ही रीतींनी सोडवून घ्यावेत. श्रमातील फरक अनुभवल्याशिवाय गुणधर्माचे मोल कळत नाही.

४) बेरजेच्या बाबतीत समानता का नाही, हे त्रिकोण काढून दाखवावे.

५) भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांच्या सहकार्याने एखादे प्रत्यावर्ती मंडल प्रयोगशाळेत मोजून मापांकाचे सूत्र पडताळावे. आंतरविद्याशाखीय अध्यापनाचा हा अल्पखर्चिक नमुना ठरू शकेल.

११. समारोप

मापांक काढण्याची कृती एका ओळीची असली तरी तिच्यामागील विचार एका ओळीचा नाही. जेथे क्रम नाही तेथे तुलना, जेथे रेषा अपुरी आहे तेथे अंतर आणि जेथे बेरीज फसवी आहे तेथे योग्य परिमाण, या तिन्ही गोष्टी मापांक पुरवतो. गुणाकाराशी असलेल्या त्याच्या सुसंगतीमुळे तो बीजगणिताचा, त्रिकोण असमतेमुळे विश्लेषणाचा आणि अवरोधाच्या गणनेमुळे अभियंत्याचा साधनरूप सोबती बनतो. हा अर्थ वर्गात पोहोचला तर विद्यार्थी सूत्र विसरला तरी ते पुन्हा उभे करू शकेल. अर्थाविना पाठ केलेले सूत्र मात्र विस्मरणाबरोबर नाहीसे होते. मापांकाच्या अध्यापनावर एक अधिक तासिका खर्च करण्याचे समर्थन यातच आहे.